अठरा तासांचा अभ्यास झाला, अभ्यासाच्या पद्धतीचे काय?

जयंती जवळ आली की 'सलग अठरा तास अभ्यास' उपक्रमाचे फलक लागतात. राज्यातल्या कितीतरी विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत सकाळी सहाला मुले-मुली बसतात, ती रात्री बारालाच उठतात. आम्हीही बसलो आहोत, एकदा नव्हे, चारदा. परभणीचा एप्रिल, दुपारी गेलेली वीज, मानेवर ओला रुमाल ठेवून वाचलेली पाने, हे सगळे आम्हाला पाठ आहे. या उपक्रमाची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराला शिवू दिले नाही, त्यांची लेकरे अठरा तास ग्रंथालयात बसतात, हे दृश्य पाहून आमचाही ऊर भरून येतो.

तरीही आज आम्हाला याच उपक्रमावरून भांडायचे आहे, आणि हे भांडण आधी आपल्या घरातले आहे. अठरा तासांनंतर आम्हाला प्रमाणपत्र मिळाले, गुलाबाचे फूल मिळाले, फोटो निघाला. पण ज्या ग्रंथालयात बसलो, तिथे आपल्या विषयाचे पुस्तक कसे शोधायचे, वाचलेल्याचे टिपण कसे काढायचे, एखादे विधान खरे की खोटे हे कशावरून ठरवायचे, हे त्या अठरा तासांत आम्हाला कोणी तासभरही शिकवले नाही. बाबासाहेबांच्या नावाने आपण तास मोजतो आणि त्यांची पद्धत विसरतो. ही पद्धत शिकवण्याची जागा म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयातली अभ्यास आणि संशोधन कौशल्यांची कार्यशाळा. ती आपल्या मुलांना पदवीच्या पहिल्याच वर्षी, मराठीत आणि विनाशुल्क मिळाली पाहिजे. तो आपला हक्क आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आमचाच अनुभव सांगतो. एम. ए. समाजशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी आम्ही एका ग्रंथालयाच्या खिडकीशी उभे होतो. आत कपाटे, मध्ये जाळी, बाहेर आम्ही. बी. टी. कार्ड पुढे करून विचारले, "सर, ऊसतोड मजुरांवर काही आहे का?" आतून उत्तर आले, "चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिही, लेखक लिही." नाव ठाऊक असते तर विचारले कशाला असते? मागे रांग वाढत होती. कोरी चिठ्ठी खिशात घालून परत आलो, बाजारातून गाईड आणले आणि त्या गाईडवर व दोन झेरॉक्सवर लघुप्रबंध उभा केला. परीक्षकांनी समासात लाल शाईने एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिला होता : 'संदर्भ?'

खिडकीतल्या त्या माणसावर आमचा राग नाही. शेकडो विद्यार्थ्यांमागे तो एकटा होता. पण विषयावरूनही पुस्तक शोधता येते, त्यासाठी तालिका असते, हे आम्हाला पुढे फार उशिरा कळले. ड्युई दशांश वर्गीकरणात 294.3 ला बौद्ध धम्म, 305.5 ला समाजातले वर्ग आणि जाती, 342 ला संविधानाचा कायदा. एका तासात समजावी एवढी ही गोष्ट. तो एक तास न मिळाल्यामुळे आम्ही कित्येक वर्षे स्वतःला 'ढ' समजत राहिलो. आपल्यातले किती जण आजही तसेच समजत असतील, याचा विचार करा.

यावर पहिला आक्षेप आपल्यातलेच लोक घेतात. "अभ्यास कसा करायचा हे काय शिकवायचे असते? बाबासाहेब कुठे गेले होते कार्यशाळेला? जिद्द पाहिजे, जिद्द!" मित्रांनो, बाबासाहेब गेले होते. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी तिथे डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तो निबंध एकदा पद्धत म्हणून वाचा. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या ते आधी समोर ठेवतात. प्रत्येकाचे काय बरोबर आणि काय अपुरे ते सांगतात. केतकरांचे श्रेय मान्य करतात आणि त्यांची चूकही दाखवतात. मग जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मूळ लक्षण, हा आपला सिद्धांत मांडतात. आज संशोधनाच्या वर्गात ज्याला 'पूर्वसाहित्याचा आढावा' म्हणतात, तो हाच. हे कसब प्राध्यापकांसमोर, सहाध्यायांच्या प्रश्नांना तोंड देत, ग्रंथालयात बसून कमावावे लागते. जिद्द त्यांनी भारतातून नेली होती. तिला धार लावणारी व्यवस्था त्यांना तिथे मिळाली. आपण पोरांकडून जिद्दीची अपेक्षा करतो आणि व्यवस्थेविषयी कोणालाच जाब विचारत नाही.

दुसरा आक्षेप प्रस्थापितांचा. "हुशार मुलाला हे आपोआप येते." हे 'आपोआप' कुठे घडते ते आम्हाला माहीत आहे. ज्या घरात आजोबा मुख्याध्यापक, आई प्राध्यापक, भिंतीला पुस्तकांचे कपाट, त्या घरात मूल जेवता जेवता शिकते की पुस्तकाला अनुक्रमणिका असते, शेवटी सूची असते आणि मोठ्या माणसालाही "हे कशावरून?" असे विचारता येते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी याला सांस्कृतिक भांडवल म्हटले. हे भांडवल वारशाने येते, पण परीक्षेत 'गुणवत्ता' म्हणून मोजले जाते. आमच्या सोनपेठ, पालम, जिंतूरच्या वस्त्यांतून पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्या पोरीला तो वारसा नाही. तिच्यासाठी हे घरातले शिक्षण ग्रंथालयानेच द्यावे लागेल. ते न देता तिला 'मेरिट' ऐकवणे म्हणजे पाणवठ्यावर जाऊ न देता "तू तहानलेली का?" असे विचारणे होय.

आता कार्यशाळा होतच नाहीत का? होतात. पण कोणासाठी आणि केव्हा? संशोधन पद्धती, संदर्भ देण्याची रीत, वाङ्मयचौर्य म्हणजे काय, हे विषय बहुधा पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये सविस्तर येतात. म्हणजे बी. ए., एम. ए.च्या गाळणीतून जो वाचला, त्याला सांगायचे की बाबा, पोहायचे असे असते. शिक्षेचे कोष्टक मात्र तयार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर दंड नाही. साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. चोरी करू नये, हे आम्हाला मान्यच आहे. पंचशील घेणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. पण ज्याला अवतरण कसे द्यायचे हेच कोणी शिकवले नाही, त्याची चूक आणि चोराची चोरी एकाच तराजूत तोलणार का?

अंतराचाही प्रश्न आहे. परभणीत विद्यापीठ आहे, 1972 पासून आहे, पण ते कृषी विद्यापीठ. कला-वाणिज्य शिकणाऱ्या मुलांचे विद्यापीठ नांदेडला. 14 जानेवारी 1994 रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. 1978 पासून त्यासाठी आपली घरे जळाली, पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे गेली. त्याच 1994 च्या सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ सुरू झाले आणि परभणीची महाविद्यालये तिकडे जोडली गेली. दरवाजावरच्या नावासाठी सोळा वर्षे लढलेला समाज आपण. दरवाजाच्या आतल्या पुस्तकापर्यंतची वाट कोण दाखवणार, यासाठी मात्र आपण एक निवेदनही दिलेले आम्हाला आठवत नाही.

सरकार म्हणेल, पैसा खर्च होतोच आहे. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये आणि सुमारे 13,000 संशोधन-नियतकालिके. पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. आपल्या तालुक्यांतली बहुतेक महाविद्यालये मात्र खासगी शिक्षण संस्थांची. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट सेवा आहे, देशभरातले प्रबंध 'शोधगंगा'वर विनामूल्य आहेत, शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर आहेत. दारे आहेत, पण कडी कुठे आहे हे दाखवणारा माणूस नाही. आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गात पदवीच्या मुलांना आम्ही 'शोधगंगा' माहीत आहे का विचारले, तेव्हा एकच हात वर आला होता. आता तर मुले मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धीला संदर्भ विचारतात आणि ती अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव लेखकासकट, पानासकट देऊन मोकळी होते. तपासण्याची सवय नसेल तर पोरगा ते तसेच उतरवतो.

"पण आधी नोकरी पाहिजे, संशोधन घेऊन काय करायचे?" हा तिसरा आक्षेप. पोटाचा प्रश्न आम्ही नाकारत नाही. पण राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे मुद्दा मांडून पुराव्याने सिद्ध करावा लागतो. गाईडचे पाठांतर तिथे अपुरे पडणार.

आणि चळवळीला तर हे कौशल्य भाकरीइतकेच लागते. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ, संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या अटकसत्रात कायद्याचा विद्यार्थी असलेले शहीद सोमनाथ सूर्यवंशी पकडले गेले आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. विधानसभेत मारहाण झाली नसल्याचे सांगण्यात आले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. त्यांच्या आई विजयाबाई न्यायालयात गेल्या. 4 जुलै 2025 रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. रस्त्यावरचा आवाज गरजेचा होताच. पण कोर्टात उभा राहिला तो कागद. तो कागद मिळवणारी, वाचणारी, त्यातली विसंगती दाखवणारी माणसे आपल्यात किती आहेत? ती तयार करण्याची एक जागा ग्रंथालय आहे.

आणखी एक कडू गोष्ट. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण प्रत्येक फलकावर लिहितो. जुलै 1942 मधल्या नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणात मात्र शिक्षणानंतर आधी चेतवणे, आंदोलन करणे येते आणि मग संघटन. क्रम बदलल्याने अर्थ बदलतो का, यावर खुशाल वाद घालू. पण तो घालायला मूळ भाषण उघडावे लागते. राज्य सरकारने 1979 पासून काढलेले 'लेखन आणि भाषणे'चे खंड आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. तरी आपण बाबासाहेबांच्या नावाची वाक्ये खंड, पान, तारीख न बघता पुढे ढकलतो. पोथीनिष्ठेविरुद्ध लढलेल्या माणसाची आपणच पोथी करतो आहोत.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पदवीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किमान बारा तासांची कार्यशाळा, तीही मराठीत. नांदेडच्या विद्यापीठ ग्रंथालयाने जिल्ह्यातल्या नऊही तालुक्यांत येऊन ती घ्यावी; मुलांनी भाडे खर्चून जावे ही अपेक्षा सोडावी. नोंदणी शुल्क नको. पडद्यावर इंग्रजी पाने सरकवणे नको. प्रत्येकाने स्वतः एक विषय शोधावा, तीन स्रोत तपासावेत आणि एक पान संदर्भासह लिहावे. ग्रंथपालाचे पद रिकामे असेल तर ते भरावे. आणि मूल्यांकनाच्या फाईलमध्ये किती जण हजर होते एवढेच न लिहिता, किती जणांनी ते पान लिहिले, हेही लिहावे.

आपल्याकडूनही काही व्हायला हवे. येत्या जयंतीला अठरा तास जरूर बसू. पण त्यातले पहिले चार तास पद्धतीला देऊ. जो आधी शिकला आहे त्याने शेजारच्याला तालिका बघायला, टिपण काढायला, मूळ खंडातले पान शोधायला शिकवावे. रात्री बाराला प्रमाणपत्रासोबत प्रत्येकाच्या हातात स्वतः लिहिलेले, संदर्भ दिलेले एक पान असावे. आम्ही आमच्या वस्तीत हे यंदापासून सुरू करतो आहोत. तुमच्या तालुक्यात कोण करणार, ते कळवा.

जय भीम! जय संविधान!