वाडी कोणी मोडली?

'पोरांना मातीची लाज वाटते,' ही तक्रार वसईत हल्ली लग्नाच्या मांडवात आणि चर्चच्या आवारात सर्रास ऐकू येते. तक्रार करणारे बहुधा साठी उलटलेले असतात. त्यांपैकी कित्येकांनी जन्मभर मुंबईची लोकल पकडून नोकरी केलेली असते!

केळी, पानवेल, फुले, भाजी व दूध यांवर ही किनारपट्टी पिढ्यान्पिढ्या जगली. आगाशीच्या सुकेळ्यांचे नाव दूरवर होते. मग 'शिक, नाहीतर रहाट हाकत बसशील' अशी धमकी मुलांना दिली कोणी? १९९०च्या सुमारास बांधकामांचा लोंढा आला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर हजारो माणसे हरित वसईसाठी उभी राहिली, हे खरे. पण त्याच काळात बावखलांवर भराव पडत होते आणि विहिरींचे गोडे पाणी टँकरने विकले जात होते. उपसा वाढला, तशा विहिरी खारावल्या. ते सौदे आजच्या पंचविशीतल्या मुलांनी केले नव्हते.

२०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. म्हणजे एवढे मोठे गिऱ्हाईक वाडीच्या दाराशी आले, आणि नेमकी तेव्हाच आपण वाडी मोडली! आता आखाताची वा कॅनडाची वाट धरणाऱ्या मुलाला दोष देण्यापूर्वी त्याच्या वाट्याला काय उरले ते मोजावे: काही गुंठे, तेही सामायिक, आणि मचूळ पाण्याची विहीर. ज्याला मुलाने वाडी करावी असे खरोखर वाटते, त्याने सातबारावर आधी त्याचे नाव चढवावे. मृत्युपत्रापर्यंत थांबू नये.