परवाना कुणाच्या नावावर?

परदेशातल्या रहिवासी परवान्याचा विषय बैठकीत काढला की बहुतेक वेळा एकच उत्तर येते: "हा सुखवस्तू बायकांचा प्रश्न आहे. इथे पाण्याचा, रेशनचा, मारहाणीचा प्रश्न असताना ग्रीन कार्डाच्या गोष्टी कशाला?" असे म्हणणाऱ्या मैत्रिणी वर्षानुवर्षे वस्त्यांमध्ये काम करत आल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरीही मला स्पष्ट म्हणायचे आहे की हे उत्तर चुकीचे आहे. ऐंशीच्या दशकात टाकलेल्या बायका ज्या प्रश्नासाठी रस्त्यावर आल्या, तोच प्रश्न आज विमानात बसून दुसऱ्या देशात गेला आहे. कागद नवऱ्याच्या नावावर, आणि बाई म्हणजे त्या कागदावरची एक ओळ.

आधी या बायका कोण ते पाहू. रत्नागिरी-रायगडकडून आखातात नोकरीला गेलेल्या माणसाची बायको त्यात आहे. सॉफ्टवेअर कंपनीतल्या नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेलेली, स्वतः पदवीधर असून तिथे घरी बसलेली पुण्याची मुलगी आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्या नवऱ्याच्या मागोमाग इंग्लंडात स्विंडनला गेलेली गोव्याची बाई आहे. आणि नातवंडे सांभाळायला सहा महिने तिकडे, म्हातारे दीर-जाऊ आणि घर सांभाळायला सहा महिने इकडे अशा खेपा घालणारी साठी उलटलेली आजी आहे. यांतल्या किती जणी सुखवस्तू? नवऱ्याचा पगार मोठा असेलही. पण पगार नवऱ्याचा आहे आणि राहण्याचा हक्कही नवऱ्याचा किंवा मुलाचा. या बाईच्या मालकीचे काय, ते विचारा.

आता परवाना कसा चालतो ते समजून घेऊ, कारण आपल्यातल्या अनेकजणींना हे माहीत नसते आणि नवऱ्याला मात्र तारखांसकट पाठ असते. प्रत्येक देश दिवस मोजतो. संयुक्त अरब अमिरातीत साधा रहिवासी व्हिसा असलेली व्यक्ती सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिली की तो व्हिसा बाद होतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असले तरी वर्षभराहून जास्त बाहेर राहिल्यावर नुसते कार्ड दाखवून आत जाता येत नाही. त्यासाठी रीएन्ट्री परमिट लागते. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, ते जास्तीत जास्त दोन वर्षे चालते आणि त्याला मुदतवाढ नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य तुटले असे धरले जाते, आणि तुटले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. कॅनडात कायम रहिवाशाने दर पाच वर्षांत ७३० दिवस त्या देशात काढले पाहिजेत. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची परवानगी सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास संपते.

या नियमांत बाई हा शब्द कुठेच नाही. पुरुषालाही १८० दिवस आणि बाईलाही १८० दिवसच. मग तक्रार कशाची, असे विचारले जाते. तक्रार अशी की हे दिवस कुणाचे खर्च होतात ते बघा. नवऱ्याला वर्षाकाठी तीन-चार आठवडे रजा. तो येतो, लग्नकार्य उरकतो, परत जातो. मागे राहते ती बाई. बाळंतपणाला ती येते. सासूबाई पाय मोडून पडल्या की ती येते. मुलाची दहावी इथून करायची ठरली की वर्षभर तीच इथे राहते. सौदी अरेबियाने २०१७ साली परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबित माणसामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावले आणि २०२० पर्यंत ते ४०० वर नेले. ते परवडेना तेव्हा मायदेशी कोणाला पाठवले गेले? बायकांना आणि मुलांना. दोन देशांत अर्धे अर्धे राहणे ही बाईची चैन नाही. दोन्हीकडच्या घरांचे न मोजलेले काम तिच्या अंगावर आहे म्हणून ती अर्धी इथे आणि अर्धी तिथे आहे. काम करताना कुणी दिवस मोजत नाही, परवान्याच्या वेळी मात्र दिवसाचा हिशेब तिलाच द्यावा लागतो.

त्यातही सरकारी भाषा पाहा. अशा बाईला म्हणतात 'डिपेंडंट', म्हणजे अवलंबून असलेली. चार माणसांचे रांधते, मुले वाढवते, परक्या देशात घर उभे करते ती अवलंबित, आणि जो तिच्या कामावर निर्धास्त नोकरीला जातो तो 'स्पॉन्सर'! अमेरिकेत नवरा एच-१बी वर असेल तर बायको एच-४ वर. तिचा परवाना त्याच्या नोकरीला बांधलेला. ती भारतात असताना व्हिसाचा शिक्का संपला तर मुंबईच्या वकिलातीत जाताना त्याच्या नोकरीचे कागद लागतात. त्याने ते पाठवले नाहीत तर ती इथेच. घटस्फोट झाला तर त्या परवान्याचा आधारच जातो.

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बाजूला ठेवले आहेत. सात वर्षे आखातात संसार केला. नणंदेच्या लग्नासाठी सगळे गावी आले. "पासपोर्ट माझ्याकडे दे, व्हिसाचं काम आहे," म्हणून नवऱ्याने तिचा पासपोर्ट घेतला. मुलाची शाळा बुडते म्हणून मुलाला घेऊन तो पुढे गेला. "तू आईचं ऑपरेशन उरकून ये." ऑपरेशन उरकले. मग तिकीट महाग आहे, मग कंपनीत गडबड आहे, मग पुढच्या महिन्यात बघू. ती आमच्याकडे आली तेव्हा सातवा महिना लागला होता. आम्ही कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली अर्ज केला. न्यायालयाचा आदेश झाला आणि दहाव्या महिन्यात पासपोर्ट पोस्टाने आला. तोवर राहण्याचा परवाना बाद झालेला. आता मुलाला भेटायचे तर तिने पर्यटक म्हणून महिनाभराचा व्हिसा काढायचा, आणि ज्या घरात सात वर्षे भांडी घासली तिथे पाहुणी म्हणून दार वाजवायचे.

या माणसाने तिला एकदाही मारले नाही, घराबाहेरही काढले नाही. त्याने फक्त दिवस जाऊ दिले, आणि उरलेले काम नियमाने केले. सबळ कारण दाखवून परत येण्याची परवानगी मागायची सोय अमिरातीत अलीकडे झाली आहे. पण ज्याने मागे ठेवले त्याच्याच कागदावर परवाना उभा असेल तर ती सोय बाईच्या काय कामाची? आपण मारहाणीच्या खुणा शोधायला शिकलो. कॅलेंडरने केलेली हिंसाही आपल्याला ओळखता आली पाहिजे.

आजीबाईंची गोष्ट वेगळी, पण धागा तोच. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने आईचे ग्रीन कार्ड केले. सगळ्यांनी पेढे वाटले. खरे म्हणजे घरात पाळणाघराचा खर्च वाचणार होता. दोन नातवंडे मोठी होईपर्यंत आई हवी होती. मग इथे वडील आजारी पडले, आई आठ महिने इथे अडकली, आणि परतताना विमानतळावर प्रश्नांची सरबत्ती. अशा वेळी आय-४०७ नावाचा, कार्ड सोडून देत असल्याचा फॉर्म पुढे येऊ शकतो. तो स्वेच्छेने भरायचा असतो. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क तिला आहे. पण इंग्रजी न वाचता येणाऱ्या, वीस तास प्रवास करून थकलेल्या बाईला हे कोण सांगणार? ज्या मुलाने कार्ड काढताना पंचवीस फॉर्म भरले, त्याने आईला हे एक वाक्य मराठीत सांगितलेले नसते.

मैत्रिणींनो, आता ऐंशीचे दशक आठवा. सांगली-संगमनेरकडे टाकलेल्या बायका एकत्र आल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांत स्वतंत्र रेशनकार्ड होते. तेव्हाही शहाण्या माणसांनी विचारले होते की एवढा मोठा अन्याय सोडून कार्ड काय मागता? त्या बायकांना बरोबर कळले होते की कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून ज्याचे नाव, त्याच्या मर्जीवर धान्य, पत्ता आणि सरकारदरबारी असणे. आजचा रहिवासी परवाना हे त्याच जातीचे कार्ड आहे. फरक इतकाच की रेशनकार्डासाठी तहसील कचेरीवर मोर्चा नेता येत होता. दुबईच्या कचेरीवर आपण मोर्चा कसा नेणार, हा आक्षेप खरा आहे. पण तो अर्धाच खरा आहे.

कारण परक्या देशाचे नियम बायकांनी बदलून घेतल्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. लंडनच्या साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९ साली सुरू झालेली संघटना आशियाई आणि काळ्या बायकांची. लग्न करून आलेल्या बाईने ठरावीक मुदत नवऱ्याबरोबर काढली नाही तर तिला देशाबाहेर काढायचे, या नियमाविरुद्ध त्या लढल्या. १९९९ साली हिंसा सोसणाऱ्या बायकांना त्यातून सवलत मिळाली, २०१२ साली अशा बायकांना अर्ज करेपर्यंत सरकारी मदत मिळण्याची सोय झाली. तरी मायदेशी नेऊन टाकलेल्या बायका बाहेरच राहिल्या होत्या, कारण अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करायचा होता. २०२२ साली तिथल्या उच्च न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. त्यानंतर नियम बदलले आणि अशी पत्नी आता देशाबाहेरून अर्ज करू शकते. अमेरिकेतही दोन वर्षांचे सशर्त कार्ड पक्के करताना नवरा-बायकोच्या संयुक्त अर्जाची अट आहे, पण घटस्फोट किंवा क्रूरता असेल तर बाईला एकटीने अर्ज करता येतो. नवऱ्याने सही दिली नाही म्हणजे सगळे संपले, हे नवऱ्याचे सांगणे खोटे आहे.

आपल्या देशातही हातात काहीच नाही असे नाही. पासपोर्ट कायदा, १९६७ चे कलम १७ सांगते की पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता आहे. नवऱ्याच्या कपाटात तो कुलपात असण्याचे कारण नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाई जिथे तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो आणि तिच्या वस्तू परत मिळवता येतात. नुसत्या तिथल्या वास्तव्याच्या जोरावर नवऱ्याने परदेशात एकतर्फी मिळवलेला घटस्फोट इथे आपोआप चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले. १९९४ साली नीरजा सराफ खटल्यात याच न्यायालयाने अशा बायकांसाठी कायदा करण्याचा विचार व्हावा असे सुचवले. विधी आयोगाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कायद्याची शिफारस केली. २०१९ साली राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या लग्ननोंदणीचे विधेयक आले. त्यात नवऱ्याचा पासपोर्ट जप्त करण्याची भाषा आहे. बाईचा परवाना जिवंत कसा राहील, याचा विचार नाही. तीस वर्षे आपण पळून गेलेल्या नवऱ्याला पकडण्याच्या गोष्टी करतो आहोत. मागे राहिलेल्या बाईला परत जाऊन मुलाचा, घराचा, पैशाचा हक्क मागता यावा, हे कुणी बोलत नाही.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. पत्नी मायदेशी अडकली आहे अशी तक्रार आली की भारतीय वकिलातीने त्या देशाच्या परवाना खात्याला ताबडतोब लेखी कळवावे, मुदत संपायच्या आत. परवाना बाद होण्यात नवऱ्याचा हात असेल तर ते कौटुंबिक हिंसा म्हणून कायद्यात स्पष्ट लिहावे. पासपोर्टच्या अर्जाला दोन महिने नाही, आठ दिवसांत आदेश मिळावा. दोन देशांमधल्या करारांत नोकरदारांच्या हक्कांबरोबर अवलंबितांच्या स्वतंत्र वास्तव्याचा मुद्दा यावा.

आणि हे सगळे होईपर्यंत आपण थांबायचे नाही. आपल्या केंद्रांमध्ये नाव, वय, लग्नाची तारीख, मुले असा तक्ता भरून घेतात. त्यात चार प्रश्न वाढवा: परवाना कुणाच्या नावावर आहे? त्याची मुदत कधी संपते? तो देश सोडल्याची तारीख कोणती? पासपोर्ट आत्ता कुणाच्या हातात आहे? या चार उत्तरांवरून किती दिवस शिल्लक आहेत ते त्याच टेबलावर मोजा आणि बाईला तो आकडा सांगा. समेटाच्या बैठका घ्यायच्या असतील तर घ्या, पण तो आकडा संपायच्या आत अर्ज गेलेला असला पाहिजे. नवरा वाटाघाटीला तयार होतो आणि पुढची तारीख मागतो, तेव्हा तो नेमके काय मागतो आहे हे आपल्याला कळले पाहिजे.