पंधरा वर्षांची गोलरक्षक

आपल्या घरातली पंधरा वर्षांची मुलगी परीक्षेच्या धास्तीने पुस्तकांत डोके खुपसून बसलेली असते. त्याच वयात स्टॉकहोमची किम मार्टिन २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये, बर्फावरच्या हॉकीत स्वीडनचा गोल राखायला उभी राहिली! फिनलंडला २-१ हरवून स्वीडनने ब्राँझपदक मिळवले.

पण खरी कसोटी लागली २००६ साली, तुरिनला. अमेरिकेच्या मुलींना तोवर कॅनडाखेरीज कोणीच हरवले नव्हते. उपांत्य सामना २-२ असा बरोबरीत अडला नि निकाल पेनल्टी फटक्यांवर आला. समोरून रबरी चकती घेऊन एकटी सुसाट येणार, अडवणारीही एकटीच! अमेरिकेच्या चौघी आल्या. चकती एकदाही जाळ्यात गेली नाही. अंतिम सामना कॅनडाने ४-१ जिंकला. रौप्यपदक गळ्यात पडले तेव्हा किमचा विसावा वाढदिवस आठ दिवसांवर होता.