किनाऱ्याच्या राखणदारांना हक्क हवा

देशाच्या किनाऱ्याची लांबी अनेक दशके ७,५१६ किलोमीटर सांगितली जात असे. नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटरवर गेली. मोजपट्टी सूक्ष्म झाल्यामुळे, पूर्वी सरळ धरलेल्या रेषेत खाड्या, नदीमुखे आणि वळणे दिसू लागली, एवढाच त्याचा अर्थ. किनाऱ्याच्या कारभारात मात्र ही सूक्ष्म दृष्टी अद्याप आलेली नाही. राजधानीत जोरबागेतील इंदिरा पर्यावरण भवनातून पाहिले असता किनारा दिसतो तो नकाशावरचा रंगीत पट्टा म्हणून, आणि तेथे राहणारी माणसे दिसतात ती फार तर ‘लाभार्थी’ म्हणून. गेल्या तीन-चार दशकांत किनाऱ्याचा निसर्ग सावरल्याची जी ठळक उदाहरणे देशात आहेत, त्यांतील बहुतेकांमागे कोणत्या ना कोणत्या गावाचे श्रम आहेत. या गावांच्या हाती अधिकार मात्र जवळजवळ नाही. या विषयातील मूळ विसंगती हीच आहे.

तमिळनाडूतील पिचावरमच्या कांदळवनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. ब्रिटिश काळापासून वनखात्याने तेथील झाडे पट्ट्यापट्ट्याने सरसकट तोडली. उघडी पडलेली जमीन सुकून खचली, खळग्यांत भरतीचे पाणी साचून क्षार वाढले आणि रोपे जगेनाशी झाली. याचा दोष मात्र गुरे चारणाऱ्या आणि सरपण तोडणाऱ्या गावकऱ्यांच्या माथी मारला गेला. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९० च्या दशकात खरे कारण पुढे आणले. गावकरी आणि वनखाते यांना एकत्र बसवून माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणण्यात आले, भरती-ओहोटीचे पाणी पुन्हा खेळू लागले आणि कांदळवन परतले. २००४ च्या त्सुनामीत या वनाआड असलेल्या वस्त्यांची हानी तुलनेने कमी झाली. त्याचे श्रेय झाडांना किती आणि किनाऱ्यापासूनच्या अंतराला व जमिनीच्या उंचीला किती, यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाला. परंतु १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात काय घडले, याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इतर घटक वेगळे काढूनही सांगतो, की ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा होता, तेथे मृत्यू कमी झाले.

या दोन्ही आपत्तींनंतर हिरव्या भिंती उभारण्यासाठी मोठा निधी आला. तो मोठ्या प्रमाणावर खर्च झाला सुरूच्या लागवडीवर. सुरू झपाट्याने वाढतो, रांगेत उभा राहतो आणि अहवालातील छायाचित्रात शोभून दिसतो. पण वाळूच्या टेकड्या, त्यांवरील वेली आणि कासवांची अंडी घालण्याची जागा यांचा तो घास घेतो. किनाऱ्यावर कोठे काय रुजते आणि कोठली वाळू मोकळी ठेवायची, हे तेथील मासेमारांना ठाऊक असते. त्यांना विचारण्याची प्रथा योजनेत नव्हती.

माहितीच्या पलीकडे त्यागाचाही प्रश्न आहे. ओडिशात ऋषिकुल्येच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवे सामूहिकपणे अंडी घालतात. २०२५ च्या हंगामात तेथे साडेसहा लाखांहून अधिक कासवे आल्याची नोंद झाली. आसपासच्या गावांतील तरुण वर्षानुवर्षे रात्री जागून हा किनारा राखत आले आहेत. याच कासवांच्या रक्षणासाठी १ नोव्हेंबर ते ३१ मे असे सात महिने धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नदीमुखांजवळ मासेमारी बंद असते. म्हणजे संवर्धनाची किंमत मोजणारा लहान मासेमार आहे, आणि बंदीची व्याप्ती ठरवताना त्याचा शब्द मात्र निर्णायक नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे याच्या उलट अनुभव आला. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन अंड्यांचे संरक्षण सुरू केले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुण्यांची सोय गावातील घरांत होऊ लागली आणि उत्पन्नही गावात राहिले. एकेकाळी अंडी पळवली जात त्या किनाऱ्यावर गावच पहारा देऊ लागले. रक्षणाचा भार आणि लाभ एकाच घरात आले की पहारेकरी बाहेरून आणावे लागत नाहीत.

अधिकार काढून घेतला की काय होते, हे गोव्याच्या खाजणांनी दाखवले आहे. खाडीकाठी बांध घालून, मानशीच्या दारांनी खारे पाणी आत-बाहेर करून भात आणि मासळी दोन्ही घेण्याची ही व्यवस्था शतकानुशतके गावकरीच्या म्हणजे कोमुनिदादीच्या शिस्तीवर चालली. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते न्याय्यच होते. परंतु बांधांची सामूहिक देखभाल ज्या संस्थेकडे होती तिची पकड सुटली आणि तिची जागा घेणाऱ्या कूळ संघटना अनेक ठिकाणी दुबळ्या राहिल्या. बांध फुटले, काही ठिकाणी कोळंबीच्या लोभाने मुद्दाम फोडलेही गेले.

कायद्याचा प्रवास याच दिशेचा आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. २०११ च्या अधिसूचनेने मासेमारांची गावे आणि त्यांच्या सामाईक जागा आराखड्यांत दाखवण्याचे बंधन घातले. नकाशावर दाखवणे म्हणजे हक्क देणे नव्हे, हे मात्र २०१९ मध्ये स्पष्ट झाले. दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आला, आणि खासगी जमिनीवरील कांदळवनाभोवतीच्या संरक्षक पट्ट्याची अट गेली. महाराष्ट्रात न्यायालयाने बाजू लावून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनतोडीवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये ती तोडणे म्हणजे घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भंग असल्याचे म्हटले. दरम्यान २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. तरीही २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार झाडे तोडण्यास त्याच न्यायालयाची परवानगी मिळाली. प्रकल्प सार्वजनिक हिताचा ठरला की संरक्षण शिथिल होते. अशा वेळी खाडीवर पोट असणाऱ्यांची संमती हा निदान प्रक्रियेचा भाग असावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

केंद्राने २०२३ मध्ये ‘मिष्टी’ ही योजना आणली. पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन वाढवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. हेतू स्वागतार्ह आहे. देशातील एकूण कांदळवन पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असताना हे उद्दिष्ट लहानही नाही. परंतु क्षेत्राचे लक्ष्य ठरले की खाते रोपे मोजू लागते. चिखलमैदाने, जेथे बायका कालवे आणि शिंपल्या वेचतात, ती ‘रिकामी जागा’ ठरून लागवडीखाली जाण्याचा धोका तेथूनच सुरू होतो. पाचव्या वर्षी किती रोपे जगली आणि गावाची मासळी वाढली की घटली, हे विचारणारा रकाना प्रगती अहवालात असायला हवा.

गाव म्हणजे पुण्यवंतांचा मेळावा नव्हे, हा आक्षेप खरा आहे. वाळू उपसणारे, खाडीत भराव घालणारे आणि जमीन दलालाला विकणारेही गावातच असतात. ग्रामसभेवर धनिकांचा दबाव असतो, स्त्रिया आणि भूमिहीन मासेमार मागे बसतात. परंतु हे दोष आहेत म्हणून अधिकारच नाकारायचा, हा न्याय आपण खात्यांना कधी लावलेला नाही. पिचावरमचे वन ज्या खात्याच्या धोरणाने उजाड झाले, त्याचे अधिकार कोणी काढून घेतले नाहीत.

मार्ग अस्तित्वातील कायद्यातही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये तो मिळवून वापरून दाखवला. कांदळवन कायद्याने वन ठरते, तर त्याच्या काठच्या गावांना हा हक्क पोहोचायला हवा. अडचण आहे ती बिगरआदिवासींना पंचाहत्तर वर्षांचा रहिवास आणि वनावरील अवलंबन सिद्ध करण्याच्या अटीची. पिढ्यानपिढ्या खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याकडे त्याची कागदपत्रे नसतात. केंद्राने मासेमार गावांसाठी पुराव्याचे नियम सुलभ करावेत आणि किनारा आराखड्यांतील बदलांना ग्रामसभेची संमती अनिवार्य करावी.

कोकणात आणि गोव्यात सीमेवरच्या राखणदाराला वर्षातून एकदा मान दिला जातो, कारण तो राखतो अशी श्रद्धा असते. किनाऱ्यावर रात्री जागणारी माणसे प्रत्यक्ष राखण करतात. त्यांच्या सत्काराचे कार्यक्रम पुष्कळ झाले. आता त्यांचा हक्क सात-बाराच्या उताऱ्याइतक्या स्पष्टपणे कागदावर उतरला पाहिजे.