आधी सैल, मग बळकट

कंबर धरली की घरोघरी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, अंथरूण सोडू नका. दुसरा, व्यायाम करा, आपोआप जाईल. दोन्ही अपुरे आहेत. व्यायाम त्या त्या शरीराला बेतावा लागतो. पिलाटीस पद्धतीवरून हे नीट ध्यानात येते.

जर्मनीत १८८३ साली जन्मलेले जोसेफ पिलाटीस यांनी ही पद्धत घडविली आणि पुढे न्यूयॉर्क येथे शिकविली. श्वास, अवधान आणि पोट-पाठीच्या स्नायूंवरील ताबा हा तिचा गाभा होय. तथापि तिचे मूळ प्रकार दुखऱ्या कमरेला जसेच्या तसे झेपत नाहीत. 'हंड्रेड' हाच प्रकार घ्या. उताणे निजून मस्तक व सरळ पाय उचलून धरावयाचे. हात खाली-वर हलवीत पाच अंक श्वास घ्यावयाचा, पाच अंक सोडावयाचा. असे दहा वेळा. अधांतरी पायांचा भार कमरेवर येतो. म्हणून डोके उशीवर, गुडघे दुमडलेले, तळवे जमिनीवर ठेवावेत आणि आवर्तने थोडीच करावीत. पुढे वाकल्याने दुखत असेल, तर निजल्या स्थितीतून उठून बसण्याचे प्रकार टाळावेत. मागे वाकल्याने दुखत असेल, तर पालथे निजून छाती उचलू नये.

ओटीतील दुखणे पुष्कळ स्त्रिया संकोचाने बोलत नाहीत. ओटीच्या तळाचे स्नायू झोळीप्रमाणे मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तोलून धरतात. ते दुबळे असल्यास आवळण्याचा व्यायाम उपयोगी पडतो. परंतु कित्येकदा ते सदैव आवळलेले असतात म्हणूनच दुखतात. अशा वेळी 'आणखी आवळा' म्हणणे म्हणजे आगीत तेल ओतणे. पोटऱ्या खुर्चीवर टेकवून निजावे आणि सावकाश श्वास घेताना ओटीचा तळ सैलावू द्यावा. स्नायू दुबळे की ताठर, हे मात्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.

कंबरदुखीवरील संशोधनाच्या २०१५ सालच्या कोक्रेन आढाव्यात, अत्यल्प उपचारापेक्षा पिलाटीस सरस दिसले. इतर व्यायामांहून श्रेष्ठ असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. तेव्हा नावाचा आग्रह नको.

लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे, पायातील शक्ती जाणे, यांपैकी काही आढळल्यास व्यायाम थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप किंवा अकारण वजन घटणे असेल, तरीही डॉक्टरांना आधी दाखवावे. एरवी कसोटी साधी आहे: व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले, तर माप कमी करावे.