वाडीची शाळा पारखून घ्या



पाडव्याच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात. त्याच दिवसांत वाडीच्या शाळेचे गुरुजी घरोघर फिरू लागतात. 'गुढीपाडवा, पट वाढवा' अशी त्यांची मोहीम असते. दुसरीकडे तालुक्याच्या इंग्रजी शाळेचा माणूसही दारात येऊन जातो. तिची गाडी घरापर्यंत येते, मुलांच्या गळ्यात टाय असतो. शेजारच्याने पोरगा तिकडे घातला की आपल्यालाही वाटते, आपण मागे राहिलो. मग कोणी उचलीतले पैसे बाजूला काढतो, कोणी शेळी विकतो आणि फी भरतो. फी भरण्यापूर्वी वाडीची शाळा एकदा आत जाऊन पाहिली का, असे विचारले तर उत्तर येते, "त्यात काय पाहायचे? ती तर आपलीच शाळा!"

आपलीच आहे, म्हणून तर ती नीट पाहायला हवी. ती कशी पाहावी, तेवढेच आज सांगायचे आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात लहान शाळा पुष्कळ आहेत. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूरच्या डोंगरपट्ट्यात वाड्या आणि तांडे विखुरलेले आहेत. तिथे पंचवीस-तीस मुले आणि दोन शिक्षक, अशी शाळा भेटते. आपल्या वस्तीतले मूल, मराठ्याचे, वंजाऱ्याचे, धनगराचे, मुसलमानाचे, तांड्यावरचे मूल, सारी एकाच बस्करपट्टीवर बसतात. "सगळी गरिबांची पोरे," म्हणून काही जण नाक मुरडतात. पण शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या, त्या सर्व जातींची मुले अशी एका वर्गात बसावीत म्हणूनच. तेव्हा सर्व जातींची मुले एकत्र असणे हा शाळेचा दोष मानू नये. ती तिथे कशी वागवली जातात, हे मात्र अवश्य पाहावे.

पट लहान म्हणजे शाळा वाईट, हेही मनातून काढून टाकावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. तीस मुलांना दोन शिक्षक म्हणजे एकामागे पंधरा मुले. एवढे लक्ष मोठ्या शाळेत मिळणे अवघड. याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या जरेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने असे नाव मिळवले, की बाहेरगावची मुले त्या वाडीत शिकायला आली. अर्थात प्रत्येक वाडीत जरेवाडी नसते. म्हणून पारख करावी लागते.

शाळा पाहायला पंधरा ऑगस्टला किंवा संमेलनाला जाऊ नका. मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वी एखाद्या साध्या दिवशी, न सांगता जा. आईनेही जावे. अक्षरओळख नसली तरी जावे.

पहिली पारख वाचनाची. तिसरीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक द्या आणि मधलेच कोणतेही पान उघडून वाचायला सांगा. पहिला धडा पुष्कळांना पाठ असतो, म्हणून मधले पान. गुरुजी ज्या मुलाला पुढे करतील त्याच्याबरोबर मागे बसलेल्या दोघांनाही विचारा. मूल सलग वाचते की अक्षर-अक्षर चाचपडते, हे न शिकलेल्या माउलीलाही कानाने कळते. मग हातच्याची एक वजाबाकी घाला. हीच परीक्षा इंग्रजी शाळेतल्या शेजारच्या मुलाचीही घ्या. टाय पाहून कोणाला गुण देऊ नका. जिल्हा परिषदेच्या शाळेतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, म्हणून इंग्रजीचे वाचनही ऐका.

दुसरी पारख गुरुजींच्या कामाची. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता, म्हणजे एकावेळी दोन-तीन वर्ग सांभाळायचे. पहिलीला शिकवताना तिसरीची मुले काय करतात ते पाहा. ती गटाने बसून गणिते सोडवत असतील तर शाळा जागी आहे. नुसती पाटीवर पाढे गिरवत वेळ काढत असतील तर प्रश्न आहे. एक शिक्षक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामावर गेला की वर्ग कोण घेते, हेही विचारा.

तिसरी पारख आपल्याला सर्वांत जवळची. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता आला नाही, हे आपल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आज तसे उघड कोणी करीत नसेल, पण बारीक गोष्टींत ते डोकावते. झाडू कोणाच्या हातात दिला जातो? संडासात पाणी टाकायला कोणाला पाठवतात? खिचडीच्या पंगतीत कोण कुठे बसते? गुरुजी मुलाला नावाने हाक मारतात की वस्तीच्या नावाने? हे सारे वर्गात पाहा आणि घरी आपल्या व पारध्याच्या मुलांनाही विचारा. मारणे आणि मानसिक छळ करणे या दोहोंना कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात असू द्या.

चौथी पारख जेवणाची आणि पाण्याची. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य ठरलेले आहे. खिचडीत डाळ दिसते का, ते पातेल्यात डोकावून पाहा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आणि आत पाणी आहे का, ते आईनेच पाहावे.

पाचवी पारख कोयत्याची. दसरा-दिवाळीला तुम्ही टोळीबरोबर जाणार असाल तर मुलाचे काय? ही शाळा हंगामी वसतिगृह चालवते का? गेल्या हंगामात किती मुले मागे राहून शिकली? मूल बरोबर न्यावेच लागले तर शिक्षण हमी पत्रक मिळते का, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल? या प्रश्नांना गुरुजींनी नावानिशी, आकड्यानिशी उत्तर दिले तर ती शाळा कामाची. शाळेतली वर्षे अशी हंगामात गळतात, हे आपल्या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे.

आणखी एक प्रश्न विसरू नका. गेवराई तालुक्यात गढीला नवोदय विद्यालय आहे. पाचवीतल्या मुलाने परीक्षा द्यायची आणि सहावीपासून फुकट राहून शिकायचे. तिथल्या तीन-चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली लागते. शहरातल्या शाळेत घालून कित्येक पालक हा हक्क नकळत गमावतात. वाडीच्या शाळेतून या परीक्षेला किती मुले बसली, हे विचारा.

नाव घालताना रजिस्टरातली नोंद स्वतः वाचून घ्या. नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात आपल्या कागदपत्रांप्रमाणे बिनचूक असावी. पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी या नोंदीवर अडते.

एवढे पाहून शाळा कच्ची वाटली तर काय करावे? लगेच पळू नये आणि गप्पही बसू नये. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. त्या जागेवर बसा. बैठकीत बोला, केंद्रप्रमुखांना लेखी द्या, नंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. आपण निघून गेलो की पट उतरतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारने २०२३ साली पुढे आणला होता. वाडीची शाळा उठली तर लांबच्या शाळेत पोरगा कसाबसा जाईल, पोरगी मात्र घरी बसेल.

तरीही शाळा वाचवण्यासाठी आपल्या लेकराची वर्षे वाया घालवा, असे कोणी सांगू नये. सांगूनही वर्षभरात काही हलले नाही आणि मूल तिसरीत वाचू लागले नाही, तर दाखला घ्या. तो मुख्याध्यापकांना द्यावाच लागतो. खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के मोफत जागा मात्र प्रवेशाच्या पहिल्या वर्गातच मिळतात, म्हणून त्यांचा अर्ज मूल शाळेत घालतानाच करावा लागतो. सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा सरकारचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला आहे.

शेळी विकण्यापूर्वी एक दिवसाची मजुरी बुडवा आणि शाळेच्या ओसरीवर जाऊन बसा. तेवढ्या एका दिवसात वरच्या निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरे तुमची तुम्हालाच मिळतील.