श्वासही मोजा

दिवाळीनंतर दिल्लीवर धुरकं बसलं की ओपीडीत रक्तदाब मोजून घेणाऱ्यांची रांग लांबते. त्यांच्या केसपेपरवर श्वासाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच आकडा दिसतो : 18. मी इथे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. न मोजता लिहिलेला हा 18 मला अस्वस्थ करतो.

रक्तदाब आणि श्वास यांचा कारभार एकाच ठिकाणाहून चालतो. मेंदूच्या अगदी तळाशी, मानेच्या वर, मस्तिष्कपुच्छ हा जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा भाग आहे. मानेतल्या धमन्यांकडून दाब वाढल्याची खबर आली की ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन ती पुढच्या पेशींना देतं आणि गाबा हे दुसरं रसायन दाब चढवणाऱ्या पेशींना आवरतं. तिथल्याच, सेरोटोनिन या आणखी एका संदेशवाहक रसायनाच्या पेशी रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की श्वास वाढवायला लावतात. अफूवर्गातल्या औषधाची मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, तोही मुख्यतः इथल्याच पेशी दबल्यामुळे.

हे सगळं दूरच्या प्रयोगशाळांतलं ज्ञान नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून डॉ. अवतारसिंग पेंटल यांनी 1969 मध्ये ‘जे रिसेप्टर’वरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ही फुप्फुसातल्या केशवाहिन्यांना लागून असलेली, मस्तिष्कपुच्छाकडे खबर पाठवणारी चेतातंतूंची टोकं. सेरोटोनिनच्याच एका ग्राहीवर काम करणारं फेनिल डायग्वानाइड हे रसायन मांजराच्या शिरेत टोचलं की ती जागी होत. मग श्वास क्षणभर थांबे, नंतर जलद आणि उथळ होई. हृदयाची गती मंदावे, रक्तदाब उतरे. आजारात हीच टोकं जागी करतं ते फुप्फुसाच्या ऊतींत साचू लागलेलं पाणी. म्हणजे वाढलेला श्वास ही आतून आलेली वर्दी असते, आणि त्या वेळी रक्तदाबाचं यंत्र अगदी व्यवस्थित आकडा दाखवत असू शकतं.

ज्या शहरात हे काम झालं, त्याच शहरात श्वास अंदाजाने लिहावा हे मला मान्य नाही. गर्दी आहे, माणसं कमी आहेत, हे मी रोज पाहते. तरीही दम लागलेल्या, हृदयाच्या आणि न्यूमोनियाच्या रुग्णापुरता एक मिनिट काढलाच पाहिजे.

घरीही हे जमतं. आई-बाबा शांत बसलेले असताना नाडी पाहतोय असं दाखवून मनगट धरा आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजा. सांगून मोजलं तर श्वास बदलतो. प्रौढांमध्ये 12 ते 20 ठीक. आकडा 25 किंवा त्याहून जास्त आला, तर रक्तदाब कितीही चांगला असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.